रात्री अडीच वाजता आलेल्या तुझ्या मेसेजला उत्तर

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा मेसेज रात्री अडीचला आलेला दिसतो. मी तो पहाटे साडेपाचला, चहाचं आधण ठेवता ठेवता वाचला, आणि आधण उकळून निम्मं झालं तरी फोन हातातून खाली ठेवता आला नाही. तिथंच उत्तर लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या, पुसल्या, परत लिहिल्या. असल्या गोष्टीला अंगठ्यानं उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून वही काढली. पत्र लांबलं तर दोन दिवसांत वाच.

तू लिहिलंस, "मावशी, मला मरणाची भीती वाटते. रोज रात्री. ख्रिस्ती असून वाटते, म्हणजे माझा विश्वास खोटाच असणार ना?"

आधी दुसऱ्या वाक्याचं उत्तर देते, कारण त्यानं तुला पहिल्यापेक्षा जास्त छळलेलं दिसतंय. नाही. तुझा विश्वास खोटा नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. का लिहिते ते पुढं येईलच.

अंबडच्या कंपनीत तुझ्या शेजारच्या मशीनवर उभा राहणारा मुलगा शिफ्ट संपवून निघाला आणि द्वारका चौकात गाडीवरून पडला तो उठलाच नाही. दुपारी तुम्ही एका कपातला चहा दोघांत घेतला होता. सावडल्यावर कंपनीतली पोरं घरच्यांसोबत रामकुंडावर गेली, तूही गेलास, आणि सगळ्यांच्या चपला नि मोबाइल सांभाळत पायऱ्यांवर उभा राहिलास. मग तू लिहितोस, सहा फुटांचा माणूस तांबडं फडकं बांधलेल्या एवढ्याशा मडक्यात मावला, ते पाहिल्यापासून झोप उडाली.

बाळा, आपण नाशिकची माणसं. कुठून कुठून लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन इथं येतात. पंचवटीत भाजी घ्यायला निघालं तरी मुंडण केलेला एखादा मुलगा, बापाचा कलश पोटाशी धरून, रस्ता विचारतो. आपण हात करून दाखवतो आणि पुढं जातो. इतक्या वर्षांत माझ्याही मनात कधी आलं नाही की त्याच्या हातात काय आहे ते जरा थांबून पाहावं. तुला त्या दिवशी ते दिसलं. ज्याला ते एकदा दिसतं त्याची एखाद-दुसरी रात्र तरी जागी जाणारच. तुझ्या खूप जास्त गेल्या आहेत, हे खरं, आणि त्याबद्दलही लिहिते.

तरुण संघाच्या सभेत तुला कुणीतरी सांगितलं की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, तेव्हा भीती उरली असेल तर प्रीती कच्ची आहे. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण वचन असं तोडून हातात दिलं की त्याचा दगड होतो. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय घे आणि अठरावी ओवी वाचायच्या आधी सतरावी वाच. तिथं बोलणं चाललंय ते न्यायाच्या दिवसाबद्दल, आणि भीती म्हटली आहे ती शिक्षेची. देव आपल्याला मारायला टपलेला आहे, ही धास्ती प्रीतीनं जाते, असं योहान सांगतो. रात्री अडीचला छातीत धडधडणं हे पाप आहे, असं तो कुठंही म्हणत नाही.

आणि म्हणालाच असता, तर गेथशेमानेचं काय करायचं?

त्या बागेच्या नावाचा अर्थ तेलाचा घाणा असा आहे. तिथं, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री, आपला प्रभू पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना सोबत घेऊन गेला आणि त्यांना म्हणाला की माझा जीव मरणाएवढा खिन्न झाला आहे, इथं थांबा आणि जागे राहा. मार्कानं तर त्याच्यासाठी व्याकूळ हा शब्द वापरलाय. लूक लिहितो की घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. तो जमिनीवर पालथा पडला आणि म्हणाला, हा प्याला टळता आला तर टळू दे. एकदा नाही, तीनदा, आणि मत्तय मुद्दाम सांगतो की त्यानं पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. देवाच्या पुत्राला त्या रात्री नवे शब्द सुचले नाहीत. तुला रोज रात्री "प्रभू, मला भीती वाटते" एवढंच म्हणता येतं आणि त्याची तुला लाज वाटते, असं लिहिलंस. कशाची लाज?

आणखी एक बघ. त्याला सोबत हवी होती. तीन मित्रांनी तासभर जागावं एवढंच त्यानं मागितलं, आणि ते झोपले. त्यामुळं तू अडीचला मला मेसेज केलास ते चूक केलंस असं वाटून घेऊ नकोस. शेवटी "सॉरी मावशी, डिलीट करा" लिहिलंस ते मी वाचलं नाही असं समजते. मीही त्या तिघांसारखी झोपलेली होते, याचंच वाईट वाटतं.

आपल्या लोकांत मयताच्या घरी बसायला गेलं की कुणी ना कुणी म्हणतं, "देवाला आवडला म्हणून नेला." बावीस वर्षांच्या पोराच्या आईला हे ऐकावं लागतं. मला ते कधीच पटलं नाही. भाऊ लाजर गेल्यावर मार्था नि मरीया या बहिणींना येशूनं असलं काही म्हटलं नाही. लाजराला आपण चार घटकांत उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी मरीयेला रडताना पाहून तो आतून हेलावला आणि रडला. पौलानं मरणाला शेवटचा शत्रू म्हटलंय. शत्रूच म्हटलंय. आपल्या धर्मात मरणाला गोड म्हणायची सक्ती नाही. त्याची भीती वाटते म्हणजे तू त्याला बरोबर ओळखलंस.

आता मी माझ्या कामाचं बोलते, कारण त्यातलं मला थोडं कळतं. ३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. तुझ्या भीतीची जरा घडी उलगडून बघायला हवी. "मरणाची भीती" म्हणून जे एक गाठोडं आपण उराशी धरतो त्यात तीन-चार वेगवेगळ्या भीती असतात, आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे.

पहिली, मरताना काय होतं याची. ही आज लोकांना फार वाटते, कारण मरण घरातून गेलं. माझ्या आजीच्या काळी माणूस ओसरीवर, सगळ्यांदेखत जायचा. पोरंटोरं तिथंच खेळायची. आता काचेच्या दारामागं जातो आणि बाहेरचे मनात नाही नाही ते रंगवतात.

मी विद्यार्थिनी होते तेव्हाचं पहिलं मरण सांगते. म्हातारे गृहस्थ होते, शेतकरी. रात्री एकच्या पुढं त्यांचा श्वास बदलला. चार-पाच भराभर, मग एकदम थांबायचा. मी मनात आकडे मोजायचे, वीस-पंचविसापर्यंत पोचले की पुन्हा सुरू. घशातून घरघर यायला लागली. मी पळत बाहेर आले आणि लिननच्या खोलीत जाऊन रडले. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर आल्या, रागावल्या नाहीत. माझा हात धरून परत कॉटपाशी नेलं, स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाल्या, "बस. त्यांचा हात घे. त्यांना तुझ्याकडून एवढंच हवंय." मी पहाटे चारपर्यंत बसले. पुढच्या खेपेला श्वास सुरू झालाच नाही, आणि तो शेवटचा होता हे मला मागाहून कळलं. इतकं हळू झालं ते.

त्यानंतर किती पाहिली याचा हिशेब नाही. शेवटच्या दिवसांत माणूस खाणं कमी करतो, झोप वाढते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. घरघर ऐकून नातेवाईक घाबरतात, पण ती घशात साठलेल्या लाळेची असते आणि त्या वेळी माणूस बहुधा शुद्धीच्या पलीकडं गेलेला असतो. ऐकू मात्र बऱ्याच वेळपर्यंत येत असावं असं आम्ही मानतो, म्हणून कॉटपाशी भांडू नका, बोला, गीत म्हणा, असं मी प्रत्येक घरच्यांना सांगत आले.

सगळीच मरणं अशी शांत असतात असं मी तुला सांगणार नाही, ते खोटं होईल. कर्करोगाच्या वेदनेनं ओरडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातलं पुष्कळसं टाळता येण्याजोगं होतं हे आजही माझ्या मनातून जात नाही. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिनची गोळी मिळणं इतकं किचकट झालं की पुष्कळ ठिकाणी ती ठेवणंच बंद झालं. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा कुठं वाट थोडी मोकळी झाली. आता वेदना कमी करण्याचं, शेवटपर्यंत सोबत करण्याचं एक अख्खं वैद्यकशास्त्र आहे, पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हे तुला एवढ्यासाठी सांगते की वेदनेच्या भीतीला प्रार्थना हवी आणि चांगला डॉक्टरही हवा. पौलाच्या सोबत लूक होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

दुसरी भीती, मागं राहणाऱ्यांची. तुला ही वाटते हे तुझ्या आईच्या उल्लेखावरून कळलं. हिच्यावर रात्री विचार करू नकोस, दिवसा काम कर. पीएफला नॉमिनी लावलाय का, विमा आहे का, बँकेचे कागद कुठं आहेत हे आईला ठाऊक आहे का. एक दुपार लागेल. आणि हेल्मेट घाल, पट्टा लावून.

हिच्याच पोटात आणखी एक असते, अजून काहीच करून झालं नाही ही. कवी नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं येशूच्या जीवनावरचं काव्य, 'ख्रिस्तायन', जेमतेम सुरू झालेलं होतं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीनं, जी कधी शाळेत गेली नव्हती. आपलं अर्धं राहिलेलं काम देव कुणाच्या हातून पुरं करून घेईल ते आपल्याला आधी कळत नाही.

तिसरी भीती खोल आहे. आपण नसणं. दिवा मालवल्यासारखं. इथं नर्स म्हणून मला काही सांगता येत नाही, कारण त्या दाराच्या अलीकडंच आमची ड्यूटी संपते. इथं मी फक्त ख्रिस्ती बाई म्हणून बोलू शकते.

दर रविवारी आपण उभं राहून मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणतो, आणि शेवटाकडं भराभर उरकतो, देहाचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. तोवर लोकांचं लक्ष गीताचा नंबर शोधण्यात गेलेलं असतं. पण तू मडक्याबद्दल लिहिलंस आणि मला तेच वाक्य आठवलं. बघ, त्यात आत्मा अमर आहे एवढ्यावर भागवलेलं नाही. देह म्हटलंय. तुझ्या मित्राचं ते सहा फूट, मशीनच्या तेलानं काळी झालेली बोटं, चहाचा कप धरायची पद्धत, हे देवानं एकदा केलं आणि ते त्याला टाकाऊ वाटत नाही. दफन होवो की दहन, मातीत जावो की गोदावरीत, ज्यानं मातीतून एकदा माणूस घडवला त्याला पुन्हा घडवायला कुठलं मटेरियल कमी पडणार? तुझा मित्र आपल्या मंडळीतला नव्हता, त्याचं काय, असं तू विचारशील. त्याला मी देवाच्या दयेच्या स्वाधीन करते, जशी मला स्वतःला करते. ती दया माझ्यापेक्षा मोठी आहे एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

माझ्या भावाची पिंपळगावाकडं द्राक्षाची बाग आहे. एप्रिलात खरड छाटणी झाली की तिथं जाऊन बघ. पान नाही, फूट नाही, तारांवर नुसते काळपट ओलांडे. नवख्याला वाटावं बाग गेली. मग फूट येते, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड धरतात. आपले पाळक लोक पुनरुत्थानाला हा दाखला हटकून देतात. मला तो अपुरा वाटतो, आणि तुलाही वाटावा. वेल मेलेली नसतेच, मुळं जिवंत असतात. आपण मात्र खरोखर मरतो. म्हणून मला पौलाचा दाखला जास्त प्रामाणिक वाटतो, पेरलेल्या दाण्याचा. दाणा कुजतो, दाणा म्हणून उरत नाही, आणि जे उगवतं ते त्याच्यासारखं दिसतही नाही. दाण्याच्या बाजूनं पाहिलं तर सगळं संपलेलंच दिसेल. दाण्याला भीती वाटत असती तर मी त्याला दोष दिला नसता.

याचा पुरावा दे म्हणशील तर माझ्याकडं रिकाम्या कबरेची साक्ष आहे, आणि ती साक्ष देणाऱ्या माणसांनी पुढं त्यासाठी जीव दिले एवढं आहे. बाकी विश्वास आहे. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा," असं मुलासाठी धावत आलेला एक बाप येशूला म्हणाला होता, आणि त्या अर्ध्या विश्वासावर त्याचं मूल बरं झालं.

तुला आपल्या शरणपूरचीच एक गोष्ट सांगते. संडे स्कूलमध्ये मी तुम्हाला ती सांगितली होती की नाही, आठवत नाही. चर्च मिशनरी सोसायटीनं इथं वसवलेल्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं आणून ठेवली होती. ती इथं शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा घेतला. त्यांतला एक जेकब वेनराइट. पुढं तो आफ्रिकेत परत गेला आणि तिथं मुलूख धुंडाळत फिरणाऱ्या मिशनरी डॉक्टर लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात सामील झाला. १८७३च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या एका खेड्यात, लिव्हिंग्स्टन पहाटे बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मरून पडलेले सापडले. सोबतच्यांनी त्यांचं काळीज काढून एका झाडाखाली पुरलं आणि जेकबनं तिथं दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या. झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग मिठात नि उन्हात सुकवलेला देह घेऊन ही माणसं हजार मैलांहून जास्त चालत समुद्राकडं निघाली. वाटेत त्यांच्यातलेही काही दगावले. १८७४च्या फेब्रुवारीत ती किनाऱ्याला पोचली, आणि १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पेटीला हात लावणाऱ्यांत आपला जेकब होता.

मी त्या झाडाखालच्या क्षणाबद्दल पुष्कळदा विचार करते. लहानपणी घरातून पळवलेला, विकलेला पोर. मरण त्यानं जहाजाच्या तळात पाहिलं असणार, तुझ्या-माझ्यापेक्षा किती जवळून. त्याला भीती वाटली असेल की नसेल, मला सांगता यायचं नाही. त्याच्या हातात पुस्तक होतं, समोर उकरलेली माती होती, आणि आधी कुणीतरी शिकवलेले शब्द होते, ते त्यानं मोठ्यानं वाचले. आपल्या दफनाला पाळकसाहेब "मातीला माती" म्हणतात आणि आपण मूठमाती देतो, तेव्हा मला नेहमी ते झाड आठवतं. शब्द आधीपासून तयार असतात ते यासाठी, की ज्या दिवशी आपल्याकडं स्वतःचा एकही शब्द नसतो त्या दिवशी उसने घेता यावेत.

आता माझं. हे मी मंडळीत कुणाला फारसं सांगितलेलं नाही. तुझ्या काकांना, माझ्या यजमानांना, पोटाचा कर्करोग झाला तेव्हा एका दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सुचवलं की पेशंटला सांगू नका, खचतील. आणि मी, इतक्या वर्षांची सिस्टर, हो म्हटलं. सहा आठवडे मी त्यांच्याशी खोटं बोलले, "अल्सर आहे" म्हणून. प्रार्थनेतसुद्धा खोटं, कारण ते शेजारी बसून ऐकत असायचे. एका रात्री त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "तू घाबरलीस का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मी घाबरलोय. तूही घाबरली असतीस तर बरं झालं असतं, दोघं झालो असतो."

बाळा, त्या रात्री आम्ही दोघं लहान मुलांसारखे रडलो. मग तेविसावं स्तोत्र म्हटलं. त्यात एक गोष्ट आहे, कधी लक्ष दिलंस का? सुरुवातीला दावीद देवाबद्दल बोलतो, तो मला चारतो, तो मला नेतो. मृत्युछायेच्या दरीत शिरल्याबरोबर भाषा बदलते, तू माझ्याबरोबर आहेस. दरीच्या बाहेर 'तो' होता, आत 'तू' झाला. तुझ्या काकांनी ते मला दाखवलं, तोवर मी ते स्तोत्र हजारदा म्हटलं असेल.

त्यानंतर ते अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत आमच्या लग्नाच्या तीस वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं झालं. मयताला कुठलं गीत म्हणायचं, कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत, कुणाची माफी मागायची. भीती गेली नाही त्यांची. शेवटच्या दिवशीही माझा हात घट्ट होता. पण ते भीतीसकट गेले, आणि कुणाच्या तरी हाती गेले. मला अजून भीती वाटते. ७१ वर्षांची आहे, सकाळी छातीत जरा दुखलं तरी वाटते. मग मी क्रुसावरचं शेवटचं वाक्य म्हणते, बापा, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो. ते त्यानं एकतिसाव्या स्तोत्रातून घेतलं होतं, लहानपणापासून पाठ असलेलं. त्यालाही उसने शब्द चालले. चर्चच्या जुन्या रात्रीच्या प्रार्थनेत झोपण्यापूर्वी हीच ओळ म्हणतात. तू झोपताना म्हण. झोप हीसुद्धा रोजची एक सोपवणूकच आहे.

रात्री जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नकोस. उठून दिवा लाव, भिंतीला टेकून बस, पाणी पी. श्वास सोडताना घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लाव, दहा-बारा वेळा. मोबाइल नको. धडधड, घाम, हात बधिर होणं हे आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर डॉक्टरांना दाखव, एकदा ईसीजी काढून घे, आणि त्यांनी मनाच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं तर जा. टेलीमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात, रात्रीही. हे केल्यानं प्रभूवरचा भरवसा उणा होत नाही. मधुमेहाची गोळी घेताना आपण असं कधी विचारतो का?

महिन्यातून एकदा मी अंथरुणाला खिळलेल्यांना भेटायला जाते, ते तुला माहीत आहे. एक म्हातारी आजी आहेत, दिसत नाही, त्यांना स्तोत्रं वाचून दाखवायला कुणी तरुण आवाजाचं हवंय. माझा आवाज आता चिरका झालाय. त्या मरणाबद्दल इतकं सहज बोलतात, कुठली साडी नेसवायची तेसुद्धा. तू ये.

एक राहिलं. तुझ्या मेसेजच्या अगदी शेवटी एक ओळ होती आणि तिच्यापुढं काहीच नव्हतं. त्याचा डबा माझ्या सॅकमध्ये राहिलाय, आणि त्या दिवशी ओव्हरटाइमवरून आमचं वाजलं होतं.

मी ती ओळ चार वेळा वाचली. बाळा, मला वाटतं तुझ्या रात्रीच्या जागरणात निम्मं मरणाचं भय आहे आणि निम्मा हा डबा आहे. चहा अर्धा-अर्धा घेतला तो भांडणाआधी की नंतर, हे तू लिहिलं नाहीस. आधी असेल तर तुझ्या मनात काय चाललं असेल ते मी समजू शकते. त्याच्याशी समेट करायची वेळ गेली, पण त्याची आई आहे. क्षमा मागायला दारापर्यंत जाता येतं.

महिना होत आला, त्यांचं दिवसकार्य सगळं झालं असेल, घरातली पाहुण्यांची गर्दीही पांगली असेल. आता कुणी येत नाही असे दिवस असतात हे. डबा घासून ठेव. रिकामा नेऊ नये. शनिवारी सकाळी नऊपर्यंत माझ्याकडं ये, मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवते. गोड काही नको अजून. मीही सोबत येते. तिथं काय बोलायचं याची तयारी करू नकोस. डबा त्या माउलीच्या हातात दे आणि ती बस म्हणाली की बस.

तुझी,
सिस्टरमावशी
शरणपूर, नाशिक